पाणी शांत मानायचं की खवळलेलं?

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ठिबकच्या कारखान्यात लागले, तेव्हा माझ्याकडे एका नव्या ड्रिपरचं, म्हणजे झाडाशी थेंब सोडणाऱ्या तोटीचं, डिझाइन आलं. सांगोल्याकडच्या चढ-उताराच्या डाळिंबबागांसाठी. दाब कमी-जास्त झाला तरी झाडाला पाणी साधारण सारखं मिळायला हवं होतं. ड्रिपरच्या आतली वाट काडीहून बारीक, करवतीच्या दात्यांसारखी नागमोडी.

कॉम्प्युटरवर असा प्रवाह सोडवताना आधीच सांगावं लागतं: पाणी थराथरांनी शांत वाहतंय, म्हणजे लॅमिनार, की भोवरे घेत, म्हणजे टर्ब्युलन्ट. त्याचा अंदाज रेनॉल्ड्स नंबरवरून घेतात: पाण्याचा वेग आणि वाटेची रुंदी यांवरून निघणारा हा आकडा सरळ पाइपमध्ये साधारण दोन हजारांच्या आत असला, तर पाणी शांत. माझे साहेब पन्नाशीतले, घरी कन्नड बोलणारे. म्हणाले, "रेनॉल्ड्स नंबर हजाराच्या आतच आहे की. एवढ्यात पाणी कुठं खवळतंय? लॅमिनार लाव आणि मोकळी हो."

लावलं. पण गणित बसेना. उत्तरात किती चूक उरलीय ते दाखवणारी स्क्रीनवरची रेघ खाली उतरायची, परत वर चढायची, नुसती झुलत राहायची. हिशेबासाठी वाटेचे तुकडे पाडणारी जाळी बारीक केली, तरी तेच. डबा खातानाही डोळ्यांसमोर तीच रेघ. त्यात टेस्ट बेंचवर नमुन्याचा ड्रिपर लावून दाब दुप्पट केला, तर पाणी जेमतेम दीडपट व्हायचं. लॅमिनारच्या हिशेबाने ते बरंच जास्त वाढायला हवं होतं.

"सर, हा सरळ पाइप नाही ना. इतकी वळणं आहेत."

"मग दाखव. वाटतंय म्हणून मॉडेल बदलत नसतात."

मी चिडले, पण त्यांचं बरोबर होतं. पारदर्शक ॲक्रिलिकमध्ये तीच वाट कितीतरी पट मोठी कापून घेतली. रेनॉल्ड्स नंबर तोच राहावा म्हणून पाणी हळू सोडलं आणि सिरिंजने त्यात शाई टाकली. साहेब शेजारी वाकून बघत होते. पहिल्या दात्यापर्यंत शाई सरळ आली, पुढच्याला थरथरली आणि मग फाटून सगळीकडे पसरली.

"अय्यो! हे तर हितंच फुटलं की," साहेब म्हणाले आणि खुर्ची ओढून माझ्याच कॉम्प्युटरसमोर मॉडेल बदलायला बसले.

टर्ब्युलन्ट मॉडेलने गणित बसलं, उत्तर बेंचवरच्या मापाजवळ आलं. तंतोतंत नाही. साहेबांना तेवढं पुरलं, मला पुरेना. आमचं पाणी धड शांत नव्हतं, धड पुरतं खवळलेलंही नव्हतं. आम्ही त्यातल्या त्यात जवळचं निवडलं होतं.

ड्रिपर तयार झाल्यावर चाचणीला मीच बागेत गेले. चढावरच्या आणि खालच्या ड्रिपरखाली भांडी लावली. पाणी जवळपास सारखंच भरलं. बागवाल्या मावशी म्हणाल्या, "येतंय की चांगलं. आता काय बघताय?"

"काही नाही," मी म्हणाले, आणि भांडी रिकामी करून परत लावली.