साडूची बोट

माझ्या साडूने बोट विकत घेतली तेव्हा त्याला पोहता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माणूस कसा होता ते कळेल.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. निफाडकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, नाशकात येऊन बांधकामाची कंत्राटं घेऊ लागला होता. मी सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमचा फोरमन. आमच्याकडे केसाएवढा फरक पडला तरी नग भंगारात जायचा. त्याच्याकडे भिंत ओळंब्यात नसली तर तो म्हणायचा, "प्लास्टरमध्ये निघून जाईल." आमचं कितपत जमत असेल, तुम्हीच ओळखा. दिवाळीत सासुरवाडीला आम्हा दोघा जावयांना शेजारी बसवायचे. तो बोलत राहायचा, मी चकल्या खात राहायचो.

त्याला नाद फार. आधी कबुतरं पाळली. मग कॅमेरा घेतला आणि घरातल्या प्रत्येकाचं डोकं कापून फोटो काढले. मग घोडा. घोडा त्याला दोनदा पाडून गावी गेला. आणि सत्तरचं दशक संपता संपता एका रविवारी कसारा घाट चढून एक ट्रक आला, गंगापूर रोडवरच्या त्याच्या रिकाम्या प्लॉटवर थांबला, आणि आठ हमालांनी त्यातून बोट उतरवली.

लाकडी, अठरा फुटी, अमेरिकन बनावटीची. पायांना लांब फळ्या बांधून पाण्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला दोरीने ओढत न्यायचं, एवढ्याच कामासाठी केलेली. मुंबईत कुठल्या तरी बंगल्याच्या मागे ती पंधराएक वर्षं पडून होती. आत कोंबड्यांची पिसं होती. तळाच्या फळ्या कुजून हाताचं बोट घातलं तर भुगा पडत होता. इंजिन गंजून दगड झालेलं.

"गंगापूर धरणात सोडायची," साडू म्हणाला. "अन् मागं फळ्यांवर मी उभा."

"आणि बुडालात तर?"

"तुम्ही हायच की, साडूभाऊ."

मी हसलो. त्याला वाटलं, मला आनंद झाला.

इंजिनाला हात लावायचा माझा विचार नव्हता. पण घरी बायको म्हणाली, "तुम्ही नाही केलंत तर तो कुणाकडून तरी ठाकठोक करून घेईल आणि माझ्या बहिणीला त्यात बसवून पाण्यात नेईल. चालेल तुम्हाला?" लोकांना मी हेच कारण सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. खरं काम कशाला म्हणतात ते त्या माणसाला एकदा दाखवायचं होतं.

वर्षभर माझे रविवार त्या प्लॉटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले. इंजिन सहा सिलिंडरचं, एका रांगेत. आधी पंधरा दिवस रॉकेल आणि तेल ओतून ठेवलं, तेव्हा पिस्टन हलले. जड कामाला साडूने नाशकातल्याच द्वारका नाक्यावरून एक मिस्त्री आणला. मालेगावचा, पन्नाशीतला, आयुष्यभर ट्रकची इंजिनं उतरवत आलेला. शाळेची पायरी न चढलेला. मी त्याला पाने धरायला सांगायचो.

एका रविवारी सगळे पिस्टन बाहेर काढल्यावर तो सिलिंडरमध्ये बोट फिरवत बराच वेळ उभा राहिला.

"साहब, ये देखो. घिसाई उस बाजू को है. अपने ट्रक में इस बाजू को घिसता है. ये इंजिन उल्टा घूमता होगा."

"मिस्त्री," मी म्हणालो, "हा तुमचा ट्रक नाही. तुम्ही ते पिस्टन धुवा."

त्याने पिस्टन धुतले. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी हा किस्सा रंगवून सांगितला. उलटं फिरणारं इंजिन! मालेगावला सगळंच उलटं फिरतं, असं कुणीतरी म्हणालं. आठवडाभरात मी तो किस्सा तीनदा सांगितला असेल.

काम मात्र मी चोख केलं. सिलिंडर बोअर करून घेतले. ट्रकचे पिस्टन घेऊन लेथवर मापाला आणले. व्हॉल्व्हचे गाइड स्वतः कातले. हेडचं गॅस्केट मिळेना, तेव्हा तांब्याच्या पत्र्यातून कापलं. असं काम नाशकात दुसऱ्या कुणाच्या हातून झालं नसतं, आणि हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे.

तोवर बोटीच्या अंगाचं काम साडू करत होता. त्याने गावाहून बैलगाडीची चाकं करणारा एक सुतार आणला होता. दोघांनी तळाच्या फळ्या काढून सागवानाच्या बसवल्या, पितळी स्क्रू मारले आणि मग व्हार्निशचा हात देणं सुरू केलं. हात द्यायचा, वाळू द्यायचा, बारीक पॉलिशपेपरने घासायचा, परत हात. असे पंधरा-सोळा.

"रंगरंगोटी तुम्हाला जमतेच," मी म्हणालो.

एकदा तो चहा आणायला गेला असताना मी दोन फळ्यांच्या सांध्यावर नख घालून पाहिलं. नख शिरलं नाही. तो परत आला तेव्हा मी माझ्या इंजिनाकडे तोंड करून उभा होतो.

पुढच्या वर्षी दसऱ्याला त्याने इंजिन सुरू करायचा समारंभ ठेवला. बॅटरी त्याच दिवशी सकाळी आली. मी स्पार्कप्लगच्या वायरी क्रमाने लावल्या आणि हात पुसले. आधी एकदा गुपचूप चालवून बघावं, असं बायको म्हणाली होती. मी तिला म्हटलं, चाचणी शंका असलेल्याने घ्यायची.

दुपारी पन्नासएक माणसं जमली. सासूबाई, सगळी सासुरवाडी, साडूचे सिमेंटवाले, आणि माझ्याच कारखान्याचे मॅनेजर. त्यांना त्याने मला न विचारता बोलावलं होतं. बोटीला झेंडूच्या माळा, तिला लागूनच ओंडक्यांवर ठेवलेल्या इंजिनाला हळदकुंकू. इंजिन थंड राहावं म्हणून पिंपातून पाण्याचा पाइप जोडलेला. भिंतीपाशी मिस्त्री उभा होता. त्यालाही साडूनेच बोलावलेलं, नवा सदरा घालून आलेला.

सासूबाईंनी नारळ फोडला. मी बटण दाबलं.

इंजिन फिरलं, खोकलं आणि बंदुकीसारखा बार झाला. कावळे उडाले. मी परत दाबलं. पुन्हा बार. तिसऱ्या वेळी कार्ब्युरेटरमधून हातभर जाळ आला आणि झेंडूची माळ पेटली. सासूबाई किंचाळल्या. कुणीतरी पिंपातलं पाणी माझ्या इंजिनावर ओतलं.

"फोरमनसाहेब," आमचे मॅनेजर म्हणाले, "दिवाळीला अजून वीस दिवस आहेत."

सगळे हसले. माझे कान तापले. समोर सहा वायरी होत्या, सगळ्या जागच्या जागी, आणि काय चुकलं ते मला कळत नव्हतं. वीस वर्षांत पहिल्यांदाच.

तेवढ्यात साडू पुढे आला.

"चूक माझी हाय," तो मोठ्याने म्हणाला. "सकाळी मी त्या वायरी काढल्या. म्हटलं, पुसून चकचकीत करू. परत लावताना गोंधळ झाला दिसतो. साडूभाऊंनी सगळं बरोबर लावलं होतं."

पुन्हा हशा झाला, आणि या वेळी तो त्याच्यावर. सासूबाईंनी सगळ्यांदेखत त्याला झापलं, "तुम्हाला कशाला हव्यात नसत्या उठाठेवी?" मॅनेजर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अशा माणसाबरोबर काम करणं अवघडच." मी मान हलवली. हो, हलवली. साडू खाली मान घालून पेटलेल्या झेंडूच्या पाकळ्या वेचत होता.

त्याने वायरींना हात लावला नव्हता. वायरी लावल्यापासून नारळ फुटेपर्यंत मी तिथून हललो नव्हतो.

घरी परतताना बायको म्हणाली, "त्याने पुसल्या नव्हत्या."

"तुला कसं कळलं?"

"वायरींवर तुमच्या ग्रीसच्या बोटांचे ठसे होते. पुसल्यावर राहतील का?"

मला त्याचा राग आला. भयंकर राग. मी त्या माणसाला मूर्ख समजत होतो आणि त्याने मला त्याच्या मूर्खपणाच्या पदराखाली घेतलं होतं. त्याला कुणी सांगितलं होतं?

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढून द्वारकेला गेलो. मिस्त्री एका ट्रकखाली झोपून काम करत होता. त्याचे फक्त पाय दिसत होते. मी त्या पायांशीच बोललो.

"मिस्त्री, इंजिन बघायला येता का?"

"गियरबॉक्स बसा लूँ, साहब. फिर चलते हैं."

मी तासभर टायरवर बसून राहिलो. मग आम्ही माझ्या स्कूटरवरून प्लॉटवर आलो. साडू कामावर गेला होता. मिस्त्रीने खिशातून खडू काढला, फ्लायव्हीलवर एक रेघ मारली आणि म्हणाला, "मारो सेल्फ."

मी बटण दाबलं. रेघ फिरली. आयुष्यभर मी पाहिलेल्या प्रत्येक इंजिनाच्या उलट दिशेने फिरली.

वर्षभर मी ते इंजिन हँडलने हाताने फिरवलं होतं, आणि ते दोन्हीकडे फिरतं म्हणून मला हवं तसं फिरवलं होतं. त्याला कुणीकडे फिरायचंय हे एकदाही विचारलं नव्हतं. उलट्या दिशेच्या इंजिनात सिलिंडर पेटण्याचा क्रमही उलटा. पहिला आणि शेवटचा सोडून मधल्या चारही वायरी चुकीच्या जागी होत्या. मिस्त्रीने त्या बदलल्या. पाच मिनिटंही लागली नाहीत. दुसऱ्या सेल्फला इंजिन सुरू झालं आणि असं गोड चाललं की त्यावर पाण्याचा पेला ठेवला असता तर हिंदकळला नसता.

"बोअर का काम अच्छा किया है आपने," मिस्त्री म्हणाला. उपरोध असता तर मला बरं वाटलं असतं. नव्हता.

हिवाळ्यात बोट धरणावर नेली. साडूच्या ओळखीने परवानगी मिळाली होती. पाण्यात उतरवल्याबरोबर सांध्यासांध्यांतून पाणी आत यायला लागलं. "झालं," मी म्हणालो, "सोळा हात व्हार्निश आणि चाळण." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. साडूने शांतपणे काठाजवळच्या उथळ पाण्यात ती बुडू दिली. इंजिन अजून बसवू नका, एवढं त्याने आदल्या दिवशीच सांगितलं होतं.

"उन्हाळ्यात गाडीचं चाक आटतं ना, साडूभाऊ, तेव्हा वरची लोखंडी धाव ढिली पडते. मग चाक नदीत टाकत्यात. लाकूड फुगलं की पक्कं. इथंबी तेच. वर्षभर कोरडं पडलंय, त्याला जरा पिऊ द्या."

चार दिवसांनी पाणी उपसलं आणि इंजिन बसवलं. नंतर बोटीत थेंब आला नाही.

मग तो फळ्यांवर उभा राहायला निघाला. चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, खाकी हाफपँट, छातीला गाडीची हवा भरलेली ट्यूब बांधलेली. बोट मी चालवत होतो, कारण इंजिनाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असा माझा नियम होता. फळ्यांवरचा माणूस उठायचा तर दोरी हळूहळू ताणायची असते. मी पहिल्या चार खेपांना एकदम जोरात ओढलं. तो प्रत्येक वेळी तोंडावर आपटला. काठावर बायका हसत होत्या, मुलं टाळ्या वाजवत होती. मीही हसत होतो. तो वर यायचा, नाकातून पाणी शिंकरायचा आणि हात हलवून म्हणायचा, "परत!"

पाचव्या वेळी माझी बायको काठावरून माझ्याकडे बघताना दिसली. मी दोरी हळू ताणली.

तो उठला. गुडघे वाकलेले, बूड मागे, तोंड उघडं, पण उठला. आणि धरणाच्या भिंतीच्या दिशेने किमान तीनशे फूट तसाच गेला, मोठमोठ्याने ओरडत. काय ओरडत होता ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही.

बोट काठाला लावल्यावर बाकीची मंडळी जेवणाकडे वळली आणि आम्ही दोघंच उरलो. तो थरथरत टॉवेल गुंडाळून बसला होता. मी विचारलं, "दसऱ्याला खोटं का बोललात?"

"कसलं खोटं?"

"वायरींचं."

त्याने केस पुसले. "मला सगळे येडा समजत्यातच, साडूभाऊ. एक जास्तीचं म्हणाले, तर काय वजन वाढतंय? तुम्हाला कुणी तसं समजत नाय. तुम्हाला झेपलं नसतं ते."

मी म्हणालो, "कार्ब्युरेटर बघायला पाहिजे, जरा धूर येतोय." धूर येत नव्हता.

बोट तीन उन्हाळे चालली. मग दोन वर्षं पाऊस दगा देऊन गेला. धरणाचं पाणी आटून काठ लांब गेला, आणि साडूला द्राक्षांच्या वायनरीचं वेड लागलं. लोणावळ्याकडच्या एका माणसाने बोट नेली. ट्रकवर चढवताना मी त्या माणसाला मिस्त्रीचं नाव आणि द्वारकेचा पत्ता लिहून दिला. इंजिन कुणी बांधलं असं त्याने विचारलं, तेव्हाही मी मिस्त्रीचंच नाव सांगितलं. ते पूर्ण खरं नव्हतं, पण मला खोटं बोलायची सवय नसल्याने एवढंच जमलं.

वायनरीही बुडाली, अर्थातच. द्राक्षाचा रस आंबायच्या आत सडला आणि सगळ्या गल्लीत वास सुटला. मी दिवाळीला ते सगळ्यांना हसत हसत सांगितलं. तो शेजारच्या पाटावर बसून माझ्यापेक्षा मोठ्याने हसला आणि त्याने माझ्या ताटात चकली वाढली.