तिसऱ्या घंटेनंतर

आमच्या मावशीच्या यजमानांइतका नाटकवेडा माणूस अख्ख्या नाशकात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो त्यांच्याच हाताखाली तयार झालेला असणार. काका मूळचे कळवणचे. नोकरी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात, पण जीव सगळा तालमीत. साखर आणायला निघाले की संवाद घोकत भलत्याच दुकानात शिरत. पडद्याच्या कापडासाठी तर त्यांनी दुकानदाराचा अंत पाहिला. भगवा नको, निळा नको, हिरवा तर नकोच. "उगाच कुणाला वाटायचं आपण त्यांचे हाय." शेवटी मातकट पडदा आला. मावशी म्हणाली, "मळला तरी कळायचा नाय. माझं धुणं वाचलं."

नाशिक रोडच्या कॉलन्यांत वाढलेली आमची पिढी म्हणजे गावोगावहून नोकरीला आलेल्यांची मुलं. कुणाचं घर कोणत्या पक्षाचं, हे सगळ्यांना ठाऊक असे. ते चपलांबरोबर दाराबाहेर ठेवून आम्ही तालमीला बसत असू. तुम्ही कोण, असं कुणी विचारलं तर आजही मी ताठ मानेने सांगतो, आम्ही काकांचे नाटकवाले.

तालमीची खोली एका पुढाऱ्यांनी फुकट दिलेली होती. मागच्या निवडणुकीच्या तोंडावर ते आमच्या प्रयोगाला आले, तेही पहिला अंक रंगात आल्यावर. कार्यकर्ते शाल-नारळ घेऊन थेट रंगमंचावर चढले. नाटक थांबवून सत्कार करायची आपल्याकडे रीतच आहे. काका त्या वेळी मरून पडलेले होते. ते उठून बसले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, तिसरी घंटा झालीय. बसून घ्या. आत्ता मी मेलोय, मध्यंतरात भेटू." आणि पुन्हा आडवे झाले. इतक्या टाळ्या कुठल्याही जिवंत नटाला पडलेल्या मी पाहिल्या नाहीत.

आठवडाभरात खोलीला कुलूप लागलं. विरुद्ध पक्षाच्या पुढाऱ्यांनी लगेच त्यांचा हॉल देऊ केला, फक्त पडद्यावर त्यांचा फोटो हवा होता. "यांच्या खोलीतून निघून त्यांच्या खिशात जायचं का?" काका म्हणाले, आणि आमची तालीम काकांच्याच घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी सुरू झाली. ती आजही चालू आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

आता काकांना जिना चढवत नाही. ते खाली खुर्ची टाकून ऐकतात आणि कुणी शब्द गिळला की काठीने जिन्याचा कठडा वाजवतात. परवा अख्खा अंक संपला, काठी वाजलीच नाही. धावत खाली गेलो, तर काका डोळे पुसत होते.

"काका, काय झालं?"

"काय नाय रे," ते म्हणाले. "ऐकत बसलो. चुका काढायचं राहूनच गेलं."