अंतर देणं

थंडीतल्या दुपारी आमच्या गच्चीवर वेळ पुढं सरकतच नाही. खालच्या गल्लीतून चादरींच्या मागांची खडखड येत असते, ऊन पायांवर येऊन बसतं आणि शेंगा फोडता फोडता डोळे आपोआप मिटतात. त्या वर्षी मी चार दिवसांच्या रजेवर सोलापूरला आले होते. कामासाठी दोन वर्षं परदेशी जायचंय, हे आईला सांगायचं होतं. बाबा गेल्यापासून ती घरात एकटीच. शेवटच्या आजारपणात बाबांनी मला एकच गोष्ट बजावली होती, आईला अंतर देऊ नको.

तीन दिवस जीभच उचलेना. एरवी मी चांगली फटकळ, पण आईपुढं शेपूट घालते. चौथ्या दिवशी गच्चीवर शेंगा फोडताना म्हटलं, आधी कामाचं सांगू, मग ओघात तेही निघेल.

तर सांगत बसले. आम्ही बनवतोय ती दोन यानं अवकाशात शेजारी शेजारी उडतात. मध्ये दोरी नाही, दांडा नाही. एकाच ताऱ्याचा उजेड दोघांवर पडतो. तो एकत्र आणला की दोन लहान दुर्बिणींना मिळून एका प्रचंड डोळ्याइतकं बारीक दिसायला लागतं. मधलं अंतर मात्र केसभरही चुकायला नको. आई ऐकतेय की पेंगतेय, कळत नव्हतं. बोलता बोलता मलाच गुंगी आली. त्या दोघांबरोबर आपणही तिकडं निवांत तरंगतोय, असं वाटायला लागलं. त्या तंद्रीत, मधलं अंतर ठरवून देतो म्हणायच्या ऐवजी, ऑफिसातलं आमचं धेडगुजरी मराठी तोंडातून निसटलं, "मग आम्ही त्यांना अंतर देतो."

आईचा हात टोपलीतच थांबला.

"मला अंतर देणार हायस, ते सरळ सांग की."

पायाखालची गच्ची सरकली. मग सगळं सांगून टाकलं, रडत, नाक पुसत. आई शेंगा फोडत राहिली. तिनं उभा जन्म मागांसाठी सुताच्या कांड्या भरल्या होत्या. एक तार सैल पडली की अख्ख्या चादरीत दिसते, हे तिला मी सांगायची गरज नव्हती. टरफलं बाजूला सारत तिनं विचारलं, दोरी न्हाय म्हणतीस, मग त्यांना एकमेकींचं कळतं कसं?

यानांच्या तिनं बहिणी करून टाकल्या होत्या. मी म्हटलं, एकजण सारखी उजेडाची तिरीप टाकत राहते, ती दुसरीवरून परत येते, त्यावरून कळतं जागेवर आहे. जराशी हलली की लगेच सावरून घेतात.

"मग जा," आई म्हणाली. "रोज फोन कर. लई बोलू नको. जाग्यावर हाय, एवढंच सांग."

तिकडं गेल्यावर तसंच चाललं. मी फोन लावायचे, ती म्हणायची जाग्यावर हाय, मीही तेच म्हणायचे. कधी कधी तेवढ्यावरच फोन ठेवायचो.

एकदा चाचणीच्या गडबडीत माझा फोन राहून गेला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिचाच आला. परदेशी फोन तिनं आयुष्यात पहिल्यांदा लावला होता.

"अंतर दिलंस व्हय?"

घास तोंडातच राहिला. लाज वाटली, भरूनही आलं. सगळ्या टेबलासमोर मी गावाकडच्या आवाजात म्हटलं, "न्हाय गं आई. जाग्यावर हाय."