मागाच्या खड्ड्यातली दुपार

१९२८ सालचा वैशाख, दुपारी दीडचा सुमार. रक्कम दोन रुपये. हजर तिघं : विणकर नरसय्या, त्याची बायको राजव्वा आणि मी, महायुद्धात मेसोपोटेमियात स्ट्रेचर वाहिलेला पेन्शनर नाईक. जागा भवानी पेठ, आमच्या शेजारचं घर.

पेठेतल्या डॉक्टरांचा दवाखाना अकराला बंद होई, तो पाचला उघडे. मधल्या वेळात लोक माझ्याकडे येत. पट्टी बांधणं मला येई, त्यापुढचं फारसं नाही. राजव्वानं दोन रुपये माझ्या हातात ठेवले.

"नाईकमामा, डागदरला घेऊन या की."

"बाहेरगावी गेलेत. संध्याकाळी येतील."

नरसय्यानं सकाळभर उन्हात ताण्याच्या उभ्या सुताला खळ लावली होती. आता तो घोंगडी पांघरून पडला होता. अंग तव्यासारखं, घामाचा थेंब नाही, तेलुगूत काहीतरी पुटपुटत होता.

दारापलीकडे ऊन थरथरत होतं. त्या थरथरीत मला टायग्रिस नदी दिसली. आमच्या तंबूत मंद्रूपचा शिदप्पा धनगर असाच निजला होता. मेडिकल ऑफिसर दुसऱ्या पोस्टवर. त्यांचा निरोप आला : "माझी वाट बघू नका. कपडे काढा. भिजवा. वारा घाला." चार वॉटर बॉटल रिकाम्या केल्या. पुरल्या नाहीत. शिदप्पा हसून म्हणाला, "नाईक, आज बाजार हाय की. मेंढरं हाकली का?"

"हाकली," मी म्हणालो.

चार वाजता तो गेला. नदी तशीच चमकत होती.

"राजव्वा, घोंगडी काढ. पाणी किती?"

"दोन घागरी."

"घरात गार जागा कुठली?"

तिनं मागाकडे बोट केलं. विणताना पाय सोडायचा खड्डा. सूत तुटू नये म्हणून तिथली माती ओली ठेवतात. पण वर ताणा चढवलेला, तो कापल्याशिवाय माणूस आत मावणार नव्हता; हिरवं लुगडं अर्धं झालेलं, सूत सावकाराचं. मग तिनं कात्री घेतली.

"माणूस ऱ्हायला तर लुगडं होतंय की," म्हणाली आणि कापलं.

नरसय्याला खड्ड्यात टेकवून बसवलं. तेच हिरवं लुगडं भिजवून अंगावर टाकलं. मी सुपानं वारा घालत राहिलो. कौलांतून उजेडाचे कवडसे उतरत होते, तुटके धागे हलत होते, ओल्या मातीचा वास येत होता. कुठलं साल, कुठलं गाव, मला कळेना. लुगड्याखाली कधी नरसय्या असे, कधी शिदप्पा.

"हाकली," मी मोठ्यानं म्हणालो.

"काय हाकली?"

"मेंढरं."

"मामा, तुमी पण बसा खड्ड्यात," राजव्वा म्हणाली.

ऊन कलल्यावर नरसय्याच्या कपाळावर घाम आला. त्यानं डोळे उघडले आणि तेलुगूत विचारलं, लुगडं कुणी कापलं? राजव्वा माझ्या देखत मराठीत ओरडली, "मी! भांडायचं तर उठून भांडा!" आणि रडायला लागली.

संध्याकाळी डॉक्टर आले. नाडी बघितली, पाणी पाजत राहायला सांगितलं. फी घेतली नाही. "मी काय केलं?" म्हणाले. राजव्वाही पैसे परत घेईना. "ज्यानं वाचवलं, त्याचे."

बाजाराच्या दिवशी मी मंद्रूपला गेलो. शिदप्पाची आई मेंढरांजवळ बसली होती. दोन रुपये तिच्या हातात ठेवले.

"कसलं पैसं ह्ये?"

"शिदप्पाचे."

"त्येचं सरकारनं कवाच दिलं की."

"हे राहिले होते," मी म्हणालो.

तिनं ते पदराच्या टोकाला बांधले.