अण्णांच्या कॅसेटी आणि माझी साफसफाई

आमच्या घरात आता गाणी कमी आणि गाण्यांचे किस्से जास्त झालेत. दोष माझा. हिंजवडीत दिवसभर परक्यांचा डेटा लावतो, म्हटलं स्वतःच्या बापाच्या कॅसेटी लावायला कितीसा वेळ लागणार? तीन शनिवार धरले होते. दुसरा पावसाळा चालू आहे.

मी राहतो हिंजवडीजवळच्या चांदे गावात, आईवडील पौडला. अण्णांचा टेपरेकॉर्डर मेला, फितींना बुरशी लागली, मोबाइलवरचं बारीक अक्षर त्यांना दिसेना. गाणं ऐकायचं तर कुणाला तरी सांगा. अण्णांना मागायची सवय नाही, त्यामुळे ते नुसतेच गप्प बसायला लागले. मला ते बघवेना. त्यांचं गाणं त्यांना स्वतःला लावता यावं, एवढंच मला हवं होतं. सगळं कॉम्प्युटरवर उतरवलं, फिती फेकल्या, फितीविना रिकाम्या कॅसेटी तेवढ्या ठेवल्या.

*

गायक, सिनेमा, साल असे झकास फोल्डर केले. अण्णा म्हणाले, "बोअर मारला त्या दिशी वाजत व्हतं, ते लाव."

"गायक कोण?"

"मला काय ठावं? पानी लागलं व्हतं."

आता 'बोअर' नावाचा फोल्डर आहे. 'म्हस व्याली' नावाचाही आहे.

*

आईनं एकदा स्क्रीन वाचली. "ह्यो अननोन आर्टिस्ट कोण रं? एकट्यानं चारशे गाणी म्हटलीत. बाईच्या आवाजातबी म्हणतो. आन कदी नाव न्हाई ऐकलं."

स्टँडजवळ कापडाचं दुकान असलेले रफिकचाचा, अण्णांचे जुने दोस्त, चहाला आले होते. त्यांनी विचार केला. "गेला आसंल. हयात आसता तर पौडात प्रोग्राम झाला आसता."

*

मग बोलून गाणी लावणारा स्पीकर आणला. अण्णा त्याच्यापुढं नीट बसले. "बाई, जरा भजन लावता का?"

"माफ कीजिए, मैं समझी नहीं."

"आसू द्या, बाई. जेवन झाल्यावर लावा."

आणि जेवण झाल्यावर खरंच वाट बघत बसले. स्पीकर मी परत नेला.

*

शेवटी डोकं चाललं. प्रत्येक रिकाम्या कॅसेटला आतून एक चिप चिकटवली आणि ती चिप ओळखणारा स्पीकर एका लाकडी पेटीत बसवला. कॅसेट उचलायची, पेटीवर ठेवायची, गाणी चालू. अण्णांना कॅसेटी रंगावरून, चिरांवरून पाठ. पहिल्या दिवशी सहा वाजवल्या, एकट्यानं. दुसऱ्या दिवशी फोन. "अर्दंच वाजतंय."

गाणी संपली की ते कॅसेट उलटी ठेवत होते. बी साइड! मी मुकाट्यानं दुसऱ्या बाजूलाही चिप लावली.

*

आठ दिवस अण्णा खूश होते. रविवारी मी गेलो, तेव्हा त्यांनी एक निळी कॅसेट लावली आणि गाण्याच्या मध्येच उचलली.

"हे माजं न्हाई."

"तेच आहे, अण्णा. रेडिओवरून तुम्हीच भरलेलं. मी फक्त खरखर काढून साफ केलं."

त्यांनी कॅसेट उलटसुलट करून बघितली. "मग ह्यात तुजी आई कुटं हाय?"

मला कळेना. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "लग्नाचं पयलं वरीस. हे रेडिओला टेप लावून गाणं भरत व्हते, आन मी मदीच वरडले, अहो, दूध उतू चाललंय! गाणं नासलं म्हणून आठ दिस बोलले न्हाईत माज्याशी."

खरखरीबरोबर मी आईलाही पुसलं होतं. मूळ फाइल ठेवली नव्हती, फीत तर कधीच कचऱ्यात गेली होती. मला फार वाईट वाटलं.

"आई, तेवढं एक वाक्य आत्ता म्हण. मी जोडतो." मी मोबाइल धरला.

आई पदर सावरून खुर्चीवर बसली. "अहो, दूध उतू चाललंय."

अण्णांनी मान हलवली. "आसं न्हाई. तवा तू चिडली व्हतीस."

आई उठली, पातेल्यात दूध ओतलं, गॅस मोठा केला आणि दुधाकडे पाठ करून उभी राहिली.