पंप गाडीत राहिला

सकाळी निघताना लेकीला एक शिंक आली आणि माझा दिवस तिथंच नासला.

दुसऱ्यांच्या घरात पोर शिंकलं की रुमाल शोधतात. मी फ्रॉक वर करून पोट बघते. बरगड्यांखाली आत ओढलं जातंय का, गळ्याखालची खळगी खोल जातेय का. लेक चार वर्षांची. साधी सर्दी तिच्या नाकात थांबत नाही, छातीत उतरते आणि तिथं शिट्टी वाजायला लागते. मग आमच्या घरात पंप निघतो. पंप म्हणजे श्वासातून औषध ओढायचा तो निळा. लांब नळीला लावायचा, नळीच्या तोंडाला मास्क. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, "हा बाळदमा आहे, सर्दीनं उसळतो." त्यातला दमा घरी पोचेपर्यंत गळाला. सासूबाई म्हणाल्या, "दमाबिमा म्हणू नगंस कुठं. पोरीची जात हाय. कफ होतोय म्हण." तेव्हापासून आमच्याकडे कफ होतो, आणि कफावर पंप मारतात.

त्या दिवशी वारणानगरला नणंदेच्या मुलाचं जावळ होतं. जावळ काढताना पोराला मामाच्या मांडीवर बसवतात, आणि मामा म्हणजे माझा नवरा. घरी राहू या म्हणायची सोयच नव्हती. "एका शिंकंनं काय हुतंय? सर्दीच हाय की," असं म्हणून सासूबाई गाडीत बसल्यासुद्धा. गाडी दिरानं चालवली. उसाच्या ट्रॉल्यांमागून सरकत जाताना मी लेकीच्या छातीवर हात ठेवून बसले होते. नवरा म्हणाला, "अगं, बाहेर बघ जरा." बघितलं. ऊस होता.

उतरताना पंपाची पिशवी खांद्याला लावली, तर सासूबाईंनी ती काढून पुन्हा सीटवर ठेवली. "राहू दे हितंच. चार पावणं बघतील, इचारतील." भांडायला मी तोंड उघडलं होतं, पण नणंद भाकरतुकडा ओवाळायला समोर येऊन उभी राहिली. पिशवी गाडीतच राहिली.

मांडवात शिरल्यावर माझी नजर गेली ती नणंदेच्या जावेच्या मुलाकडे. लेकीपेक्षा थोडा मोठा, नाकातून दोन धारा. आणि नेमकं त्यालाच माझ्या लेकीचं प्रेम आलं. तिला गाड्या दाखव, स्वतःचा अर्धा लाडू तिच्या तोंडात कोंब. त्याची आई निवांत ताटं पुसत बसली होती. मला असा राग आला तिचा! पोराचं नाक पुसायला हात नाहीत का हिला? दोघांना एका ताटात बसवू म्हणाली, तेव्हा मी तोडून सांगितलं, "हिचं वेगळं वाढा." ती म्हणाली, "भावंडंच हायत की." मी ऐकलं नाही असं केलं.

मांडवामागं मटणाचं चुलाण पेटलं होतं. वारा फिरला की धूर आत यायचा, आणि मी लेकीला इकडून तिकडं हलवत होते. बायका हसत होत्या. न्हाव्यानं निम्मं जावळ उतरवलं असेल, तेवढ्यात लेक आपणहून येऊन माझ्या मांडीत बसली. खेळ सोडून ती कधी बसत नाही. मी फ्रॉक वर केला. पोट आत जात होतं.

पळत बाहेर आले, तर गाडीच जागेवर नव्हती. दिराला फोन लावला. दारात बायका उभ्या होत्या, म्हणून आवाज खाली ठेवला.

"भावजी, पंप?"

"व्हय वहिनी, पंपावरच हाय. लाइन हाय हितं."

"न्हवं ओ, पंप गाडीत हाय."

"गाडी पंपावर हाय म्हणतोय की मी."

"भावजी, पंप आणा लवकर."

तो हसला. "पंप कसा आणू? डिझेल पायजे का कॅनात?"

लेक माझ्या खांद्यावर "आई, पा..." म्हणाली आणि "पाणी" पुरं करायला तिला श्वास पुरला नाही. माझं डोकं फिरलं. मांडवभर ऐकू जाईल असं ओरडले, "दमा हाय माझ्या पोरीला! दमा! तिचा औषधाचा पंप मागच्या सीटवर हाय. गाडी फिरवा आधी."

न्हाव्याचा वस्तरा हातात तसाच राहिला. नवरा निम्म्या डोक्याच्या भाच्याला धरून अर्धवट उठला. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

"थांबा, आलो मी," असं म्हणून ती नाकवाल्या पोराची आई आत पळाली. परत आली तेव्हा तिच्या हातात तीच नळी होती. तोच निळा पंप, मास्कवर अस्वलाचं स्टिकर. "ह्योच न्हवं? बघून घ्या." मी नाव वाचलं. तेच औषध होतं. दिवसभर ज्या पोराच्या लाडवापासून लेकीला राखत होते, त्याचाच मास्क मी तिच्या तोंडावर दाबून धरला. तो पोरगा समोर उभा राहून छाती फुगवून दाखवत होता, "हळू घ्यायचं. माझं बघ."

हळूहळू गळ्याखालची खळगी वर आली. दीर धावत पिशवी घेऊन आला, तोवर लेक पुन्हा लाडू मागत होती.

मास्क धुवायला आम्ही दोघी नळाशी गेलो. ती म्हणाली, "आमच्यातबी सांगत न्हाईत. साड्यांमागं ठेवतो मी." मी त्याच्या सर्दीचं विचारलं. "सर्दी न्हाय त्याला. नाक बाराई महिने गळतंय, धुळीनं. सर्दी झाली की लई हाल हुतात, म्हणून जपतो." तेवढ्यात मागं माझी लेक शिंकली.

"हिला झालीया व्हय सर्दी?"

"सकाळपासून," मी म्हणाले.

मास्क धुऊन झाला होता, तरी तिनं पुन्हा साबण घेतला.

दोन दिवसांनी संध्याकाळी तिचा फोन आला. "ह्याला सर्दी लागली ओ. शिट्टी वाजतीया. पंप मारलाय, दवाखान्यात निघालोय. तुमच्या पोरीचं बरं हाय न्हवं?" लेक सोफ्यावर उड्या मारत होती. मला तिच्याकडे बघवेना. मी म्हणाले, "फोन त्याच्या छातीला लावा जरा." टीव्हीच्या आवाजात काही कळत नव्हतं. सासूबाईंनी विचारलं, "कुणाला काय झालं?"

"त्या पोराला. दमा," मी म्हणाले.

सासूबाई उठल्या आणि त्यांनी टीव्ही बंद केला.