चालत गेलेला गोठा

काल आमच्या वाडीत एक गोठा चालत गेला.

गोठा सखूकाकींचा. ओढ्याने काठ पोखरत त्याच्या पायापर्यंत आणला होता. तो कोसळला असता तर ऐन पावसाळ्यात काकींच्या दोन्ही म्हशी उघड्यावर आल्या असत्या. म्हणून वाडीतले सगळे बाप्ये आत शिरले, खांबांवरून गवती छप्पर सोडवलं आणि त्याचे वासे खांद्यावर घेऊन वरच्या अंगाला रोवून ठेवलेल्या नव्या खांबांकडे निघाले. बाहेरून बघणाऱ्याला नुसतं छप्पर दिसत होतं, आणि खाली पायच पाय.

त्यातले दोन पाय माझे. मात्र मी बुटका, आणि मागेपुढे माझे दोन धिप्पाड पुतणे. वासा खांद्याला लागेचना, म्हणून मी तो हातांनी धरला. वाटेत खळगा आला आणि माझे पाय अधांतरी झाले.

"काका, उचलताय की लटकताय?" मागचा पुतण्या म्हणाला.

"तोल सांभाळतोय," मी म्हणालो.

अख्खं छप्पर हसून गदगदलं, पण खांदा कुणी काढला नाही. माझ्यासकट सगळं वर पोचलं. इतक्या जणांनी मिळून उचललं की कुणी किती उचललं हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

संध्याकाळी म्हशी नव्या जागी रवंथ करत बसल्या. समोर बाकीचे सगळे आपापले खांदे चोळत काकींचा चहा पीत होते. मीही चोळत होतो.